काटक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. माझ्या डाव्या नडगीचं हाड मोडलं, त्या दिवशी मी सरांची माफी मागितली होती.

सतरा वर्षांचा होतो. पेठकडच्या पाड्यावरून सरांनी नाशिकला, त्यांच्या क्लबात पळायला आणलेला. तीन आठवडे सरांना सांगत होतो, नडगी दुखते. त्या सकाळी फेरी अर्धवट सोडून मी मैदानात बसलो. सरांनी सगळ्यांना बोलावलं, गोल उभं केलं. मला मध्ये. म्हणाले, "त्याच पायावर उड्या मार. बघू दे सगळ्यांना कसं दुखतं ते."

मारल्या. चौथ्या उडीला आत काहीतरी कट्कन वाजलं आणि मी पडलो. क्लबची शहरातली मुलं हसली. एक जण म्हणाला, "काय रे बिबट्या, लंगडा झाला का?" सर हसले नाहीत. "काटक म्हणून आणला होता तुला. नाजूक निघालास."

मी मातीत बसूनच हात जोडले. "चुकलं सर."

काटक. ऐकायला कौतुकाचा शब्द. डोंगरातून आलेल्या आम्हा पोरांसाठी राखून ठेवलेला. क्लबच्या खोलीत भिंतीवर आठवड्याच्या सरावाचा तक्ता असायचा. शहरातल्या मुलांच्या रकान्यात गुरुवारी 'विश्रांती'. आमच्या रकान्यात गुरुवारी 'हलकं पळणं, दहा किलोमीटर'. त्यांच्यातल्या कुणाचा घोटा मुरगळला की फिजिओ यायचा. आम्हाला बर्फाची पिशवीही मिळायची नाही. कुणी विचारलंच तर सर म्हणायचे, "यांना कसली रिकव्हरी? हे काटक लोक आहेत, लहानपणापासून डोंगर चढतात."

डोंगर चढायचो ते पाण्यासाठी. आणि दमलो की बसायचो. तिथं कुणी घड्याळ लावलेलं नसायचं.

हाड जुळलं, वेग गेला. सरांनी मला सहायक म्हणून ठेवून घेतलं. मला ते उपकार वाटले आणि पुढं वीस-बावीस वर्षं मी त्या उपकारांखाली वाकून राहिलो. पाड्यांवर जाऊन पोरं निवडायची हे माझं काम. आईबापांना त्यांच्याच बोलीत सांगायचं, पोर काटक आहे, माझ्यासंगं सोडा. मी त्यांच्यातला, म्हणून सोडायचे. सरांना मी याचसाठी हवा होतो हे फार उशिरा कळलं, असं लिहिणार होतो. खोटं आहे ते. कळत होतं.

भिंतीवरचा तक्ताही मीच लिहायला लागलो. माझं अक्षर चांगलं आहे.

मध्ये प्रशिक्षकांचा एक कोर्स केला. तिथं शिकवलं की दम आठवड्यांत वाढतो, हाडाला महिने लागतात. अवघड दिवसानंतर सोपा दिवस हवा. तीन आठवडे अंतर वाढवलं तर चौथ्यात कमी करायचं. एवढं सांभाळलं तर सोळाव्या वर्षी जिंकलेलं पोर तिशीतही पळताना दिसतं. सगळं वहीत उतरवून घेतलं. परत आलो आणि आमच्या पोरांच्या गुरुवारी 'हलकं पळणं' लिहिलं.

मग यमुना आली. सुरगाण्याकडची, सोळा वर्षांची. मीच निवडलेली. पाच हजार मीटर पळायची. क्लबच्या वसतिगृहात जागा होती म्हणून तिचं अकरावीचं शिक्षण चालू होतं. जागा गेली असती तर थोरल्या बहिणीसारखी दिंडोरीला द्राक्षबागेत छाटणीला जावं लागलं असतं. हे तिला माहीत होतं. मलाही.

राज्याच्या निवड चाचणीला आठ दिवस राहिले होते. सराव संपल्यावर ती माझ्याकडे आली. "सर, नडगी दुखते. इथंच. बाकी कुठं नाय."

मी वाकून अंगठ्यानं दाबत खाली आलो. स्नायू दुखावला असेल तर दुखणं लांबवर पसरतं. हाडाला तडा असेल तर ते एका बोटाएवढ्या जागेत सापडतं. ती जागा आली तसा तिनं श्वास आत ओढला. माझा अंगठा थांबला.

सरांना म्हणालो, एक्सरे काढू या. सरांनी मान वर केली नाही. "आठ दिवस चालवून घे. आपलं एवढंच एक मेडल पक्कं आहे. अन् काटक आहे पोरगी, तू कशाला घाबरतोस?"

मी परत मैदानावर गेलो आणि यमुनेला म्हणालो, "काही नाही गं. काटक आहेस तू. चाचणीचं टेन्शन पायात उतरतं कधी कधी."

तिनं मान डोलावली. चाचणीत शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा ती पहिली होती. पलीकडच्या वळणावर पडली. उठता आलं नाही, नडगीचं हाड मोडलं होतं.

निवड समितीला तिच्या दुखापतीचा अहवाल द्यायचा होता. सरांनी जुन्या फाइलमधून एक कागद काढून दिला. "यातलं वाक्य उतरव, फक्त नाव बदल. खाली सही कर." वाक्य असं होतं: 'खेळाडूने दुखापत प्रशिक्षकांपासून लपवून शिस्तभंग केला.' त्यावर नाव माझं होतं. माझं. अक्षर सरांचं. ज्या माणसाला तीन आठवडे रोज सांगत होतो, त्यानंच हे लिहिलं होतं. आणि आता तो कागद माझ्याच हातात दिला, यात काही वावगं आहे हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

मी नाव बदललं. सही केली.

यमुनेची वसतिगृहातली जागा रद्द झाली. तिला न्यायला तिचे वडील आले. मी बसस्टँडवर पोचवायला गेलो, तिची पिशवी उचलून. वडिलांनी माझ्यासमोर हात जोडले. "मास्तर, पोरीचं चुकलं. तुम्हाला सांगाया पाहिजे व्हतं तिनं. राग नका धरू." मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ते बसची चौकशी करायला खिडकीकडे गेले.

यमुना प्लास्टरकडे बघत होती. म्हणाली, "सर, तुमचा अंगठा थांबला व्हता."

मी पिशवीचा बंद ओढून घट्ट केला.

"म्हंजे तुम्हाला कळलं व्हतं."

"हो."

"मंग बाबाला सांगा."

वडील आले. बस लागली. मी पिशवी आत ठेवली आणि म्हणालो, "सांभाळून जा."

दुसऱ्या दिवशी समितीला पत्र लिहिलं. अंगठ्यापासून सहीपर्यंत सगळं. जुना कागद सोबत जोडला आणि एक प्रत सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी शेवटपर्यंत वाचली. "पोटच्या पोरासारखा ठेवला तुला," ते म्हणाले. मी म्हणालो, "मी तीन आठवडे रोज सांगत होतो, सर." त्यांना आठवेना. खरंच आठवत नव्हतं. मी तक्त्यावरचा आमच्या पोरांचा गुरुवार पुसला आणि निघालो. परत गेलो नाही.

समितीनं अजून काही कळवलेलं नाही. मैदानावर म्हणतात, याचं डोकं फिरलं. म्हणू देत. पत्र परत घेणार नाही, चौकशीला बोलावलं तर सरांच्या समोर हेच बोलेन.

पण समितीला लिहिणं सोपं होतं. समितीनं माझ्यापुढे हात जोडले नव्हते. येत्या रविवारी सुरगाण्याला जातोय. यमुनेच्या बापासमोर, ती तिथं असताना, तोंडानं बोलायचंय: तुमच्या पोरीनं मला सांगितलं होतं. खोटं मी बोललो.

एवढं तिचं देणं माझ्याकडे आहे. अजून दिलेलं नाही.