रेडिओतली सवत

जोतीराम कापडगिरणीत मागावर होता आणि त्याची बायको मुक्ताबाई घरी विड्या वळायची. दर गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर नाटक लागायचं. त्यातली चंद्रिका दुसरीच्या नवऱ्यासाठी येडी झालेली. तिनं त्याच्या बायकोचा शालू कात्रीनं फाडला, तेव्हा आख्ख्या चाळीनं तिला शिव्या घातल्या. जोतीराम मात्र घास हातात तसाच धरून म्हणाला, "जीव लावावा तर आसा."

मुक्ताबाईच्या हातातही कात्रीच होती, विडीची पानं कापायची. तिनं चांगल्या पानाच्या चिंध्या केल्या.

ही बया भाकरी थापत नाही, धुणं धूत नाही, नुसते उसासे टाकते, आणि आपला नवरा हिच्यासाठी हळहळतो. बरं, झिंज्या धरून ओढावं म्हटलं तर सवतीला डोकंच नाही, नुसता आवाज.

पुढच्या गुरुवारी चंद्रिका त्या माणसाच्या कचेरीसमोर दिवसभर उन्हात उभी राहिली. जोतीरामचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई ठेवणीतलं इरकल लुगडं नेसली, विड्यांचं सूप तसंच टाकलं आणि भर दुपारी गिरणीच्या दारात जाऊन उभी राहिली. डांबर चपलेला चिकटत होतं. भोंगा झाला, पाळी सुटली. जोतीरामनं तिला बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. तो धावत आला.

"काय झालं? घरात कोण मेलं काय?"

मुक्ताबाईनं पदरानं घाम पुसला.

"आजून न्हाय," ती म्हणाली.