रांतेनने टाक्या उचलल्या नाहीत

रांतेनची जीभ अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक होती. अगुंग डोंगर जिथे समुद्रात उतरतो, तिथे वाळू नाही, नुसते काळे गुळगुळीत गोटे. त्यांवरून पाण्याखाली जाणाऱ्या पाहुण्यांच्या हवेच्या टाक्या डोक्यावर वाहायच्या, हा तिचा कित्येक वर्षांचा धंदा. चुंबळीवर दोन टाक्या आडव्या, हात मोकळे आणि तोंड त्याहून मोकळं.

शेजारची मुर्नीही टाक्याच वाहायची, पण तिच्याशी रांतेनचा अबोला होता. एकदा टाक्या उचलायच्या पाळीवरून भांडताना मुर्नी बोलून गेली होती, "माझा पोरगा ओका गाईड झाला. तुझा जावई अजून डुकरंच राखतोय!" तेव्हापासून रांतेनने तिच्याकडे पाहणंही सोडलं.

एका सकाळी टाक्या डोक्यावर घेऊन ती पाहुण्यांना पाण्यात नेणाऱ्या दुकानातून वळली, तर ओटीवर ओका आणि मालक दार्सोनो, ज्याला सगळे आदराने 'पाक' म्हणत, यांचं चाललं होतं.

"पाक, सहा जण आहेत. तिघं तर नवशिके. पाण्याला आज ओढ आहे. आणखी एक माणूस द्या."

"माणूस कुठून आणू? पैसे घेतलेत, आता परत देऊ? जा, उरक."

ओका गेला. खाली एका पाहुणीचा धीर सुटला. तिला धरून तो वर आला, तेवढ्यात मागचा तरुण ओढीत सापडून लांब गेला. सुराबाया शहराचा होता, नवी बायको घेऊन आला होता. संध्याकाळी कोळ्यांच्या होडीतून त्याचं प्रेत आलं.

खटला एकट्या ओकावर भरला. दार्सोनो साक्षीदार म्हणून उभा राहिला आणि म्हणाला, "मी नको म्हणत होतो, हाच घेऊन गेला." गावाने किनाऱ्यावर शुद्धीची पूजा घातली. समुद्राने घेतला, विषय संपला, असं वडीलधारे म्हणू लागले. दार्सोनोच्या दुकानावर अर्धं गाव जेवत होतं. मुर्नीला मुकादमाने सांगितलं, "तू येऊ नकोस. पाहुणे बिचकतात."

हे कळलं तशी रांतेन मुर्नीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"ऊठ. उद्या कोर्टात जायचंय. मी येते."

"तू कशाला? तू तर माझ्याशी बोलतसुद्धा नाहीस."

"बोलणार नाहीच. गाडीत शेजारी बसेन."

आणि ती प्रत्येक तारखेला शेजारी बसली. आपण काय ऐकलं ते तिने ओकाच्या वकिलाला सांगून पाहिलं. "गल्लीतलीच बाई तू. तुझं कोण धरणार?" म्हणून त्याने तिला साक्षीला बोलावलंच नाही. शेवटी निकाल लागला. ओकाला दहा महिन्यांची कैद. मुर्नीने पदराने तोंड दाबलं. रांतेन मात्र ताडकन उभी राहिली.

"आणि उरलेली अर्धी शिक्षा कुणाला?"

न्यायाधीशांनी तिला बाहेर काढायला लावलं. बाहेर पायऱ्यांवर मेलेल्या तरुणाची बायको रेत्नो उभी होती. मुर्नीला पाहून ती म्हणाली, "तुम्ही सगळे त्याच्यासाठी रडता. माझ्या माणसासाठी इथं कोण रडलं?"

मुर्नीची मान खाली गेली. रांतेनची जीभही एकदा अडखळली.

"पोरी, तुझ्या नवऱ्याची टाकी मीच वाहिली. 'मावशी, जड आहे, द्या इकडे' म्हणत होता. मी हसले त्याला. ओका सुटावा म्हणून मी ओरडले नाही गं. त्याच्या हातून माणूस गेला, तो भोगेल. पण ज्याने त्याला एकट्याला ढकललं, तो साक्ष देऊन मोटारीत बसून घरी गेला. ते मला खपत नाही."

मग ओटीवरचं बोलणं तिने जसंच्या तसं सांगितलं. रेत्नोने ते पुन्हा सांगायला लावलं आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानापुढे टाक्यांची रांग लागली. रांतेनने चुंबळ काढून बाजूला ठेवली आणि गोट्यांवर बसकण मारली.

"काय गं, डोकं दुखतंय?" मुकादमाने विचारलं.

"डोकं ठिकाणावर आहे म्हणूनच बसलेय."

"मेमे, आमच्या पोरांच्या पोटाचं काय?" एक तरुण बाई कुजबुजली. तरण्या पोरी रांतेनला 'मेमे', म्हणजे आई, म्हणत.

"तू जा बाई. तुला शिव्या नाही घालणार. मी उचलणार नाही, एवढंच."

चार-पाच जणी तिच्याजवळ येऊन बसल्या, बाकीच्या खालमानेने कामाला लागल्या. दार्सोनो स्वतः खाली आला.

"रांतेन, इतकी वर्षं माझं मीठ खाल्लंस!"

"मीठ समुद्राचं, पाक. तुमचं कधी होतं?"

ते काम गेलं ते गेलंच. किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाच्या लहान दुकानांची मिळेल ती वाहतूक करत या बायकांनी दिवस काढले. भातासोबत मिरचीच जास्त असायची. जावई घरात कुरकुरला, तर रांतेनने त्याला डुकरांकडे पिटाळलं.

पण रेत्नो गप्प बसली नव्हती. तिने त्या दिवशीचे बाकीचे पाहुणे शोधून काढले, तक्रार दिली, आणि ओका सुटायच्या आधीच दार्सोनो आरोपीच्या खुर्चीत बसला. या वेळी रांतेनला बोलावणं आलं. दार्सोनोच्या वकिलाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"दोन टाक्यांचं ओझं होतं म्हणता. तरी शब्द न शब्द ऐकू आला?"

"साहेब, टाक्या डोक्यावर होत्या, कानांवर नव्हत्या."

कोर्ट हसलं. पाहुण्यांच्या साक्षीही तिच्या सांगण्याशी जुळल्या. दार्सोनोला शिक्षा झाली, पण ओकाहून कमी. "कमी दिली!" रांतेन पायऱ्यांवरून मोठ्याने म्हणाली. रेत्नोने तिचा हात धरला होता, तो गाडी येईपर्यंत सोडला नाही.

ओका सुटून आला, पण पुन्हा पाण्यात उतरला नाही. आता तो मका लावतो आणि फार बोलत नाही. दार्सोनोने दुकान विकलं. रांतेन अजून टाक्या वाहते. मात्र उचलण्याआधी गाईड किती आणि पाहुणे किती हे बघते, आणि गाईडांच्या मानाने पाहुणे जास्त दिसले की खाली बसते. "आली मेमे पोलीस!" म्हणून गाईड पोरं हसतात. हसत हसत दुसरा गाईड शोधायला जातात.