चाकोरी धरणारी गाडी

देऊळघाटचा कडूबा बावीस वर्षं भाड्याची गाडी चालवतो. कडूबाच्या गाडीत बसलं की पोटातलं पाणी हालत नाही, असं गावातल्या बाया सांगतात. गरोदर सुना, टाके पडलेली म्हातारी माणसं, सगळे त्यालाच फोन लावणार. या बोलण्याचा त्याला इतका गर्व, की विचारू नका!

मग दिवाळीनंतर लग्नसराई आली अन् गड्याची बुद्धी फिरली. नवरदेवाच्या गाडीला आता चौडी चाकं लागतात म्हणे. पोरं दुसऱ्यांच्या गाड्या ठरवू लागली. यानेही बुलढाण्यात जुनी चाकं देऊन टाकली अन् ही भली चौडी, मडगार्डच्या बाहेर डोकावणारी चाकं बसवून आणली. गाडी पैलवानासारखी दिसू लागली.

दिसायला झकास, पण चालेल तर शपथ! स्टिअरिंग जड झालं. पूर्ण वळवलं की टायर आतून घासायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मालट्रकांनी डांबरी रस्त्यात पाडलेल्या चाकोऱ्या. चाक त्यात उतरलं की गाडी आपल्याच मनाने ओढत जायची. इथे कडूबाने जी चूक केली ती बैलगाडीवर वाढलेल्या माणसालाच सुचावी. लहानपणी बाप सांगायचा, चाक चाकोरीत असलं की कासरा ढिला सोड, बैल बरोबर घरी नेतात. याने स्टिअरिंगही तसंच ढिलं सोडलं. वर बायकोला, रुख्मिणीला, ऐकवलं, "नवे जोडे चावतेत, मंग रुळतेत. तसंच हाये हे."

त्यांची छाया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना सरत आलेला. तिला बुलढाण्याहून तपासून परत आणताना समोरून एसटी आली आणि गाडी काही चाकोरीतून निघेना. कडूबाने सगळा जोर लावून स्टिअरिंग ओढलं, तशी गाडी उसळून कडेच्या मुरमात उतरली. छायाने दोन्ही हातांनी पोट धरलं. झालं काही नाही.

संध्याकाळी तो मोरीत हात धूत होता. आत छाया हळू आवाजात आईला सांगत होती, "आई, येळ आली की शेजारच्या रामभाऊची गाडी सांगजो. बाबाले सांगू नको, त्याइले वाईट वाटीन."

बावीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं, आणि आता बोलली ती पोटची पोरगी. त्याला राग आला, पण तिचा नाही, स्वतःचाच.

सकाळी उठून तो थेट मेहकरला गेला. इतक्या लांब का? तर बुलढाण्याच्या मेकॅनिकांनी हसू नये म्हणून! तिथल्या अलाइनमेंटवाल्या नारायणरावांना म्हणाला, "जरा पाहा बरं, गाडी ओढून राह्यली."

नारायणराव वाकले, चाकाकडे पाहून सरळ झाले. "अलाइनमेंटनं काही होत नाही. चाकंच काढा. चाक बाहेर सरकलं, की रस्त्याचा हिसका स्टिअरिंगले जास्त बसते. अन् चौडा टायर चाकोरीचा काठ धरते. गाडी तुम्ही नाही चालवून राह्यले, रस्ता चालवून राह्यला."

"रुळणार नाही काय?"

"जोडे हायेत काय हो ते?"

कडूबाने चौडी चाकं तिथेच सोडली. भंगारातून कंपनीच्या मापाच्या रिंगा शोधल्या, त्यावर मापाचे टायर चढवले अन् घरी आला. कुणाला बोलला नाही. काय तोंडाने बोलणार?

छाया उंबऱ्याबाहेर पडत नव्हती, तिला बदललेली चाकं दिसलीच नाहीत. वीस-बावीस दिवसांनी भरदुपारी छायाच्या कळा सुरू झाल्या. रुख्मिणीने लेकीला दिलेला शब्द पाळला. रामभाऊची गाडी दारात येऊन उभी राहिली. कडूबा आपल्या गाडीला टेकून उभा होता, हातात चाबी. आईच्या खांद्यावर भार देऊन छाया बाहेर आली अन् थांबली. आधी तिने बापाच्या गाडीची चाकं पाहिली, मग बापाचं तोंड.

"आई, रामभाऊले वापस पाठव," ती म्हणाली आणि बापाच्या गाडीत मागे जाऊन बसली.

गाव मागे पडलं. आरशात बघायची कडूबाला हिंमत होत नव्हती. शेवटी राहवलं नाही. "लय दुखते काय, माय?"

"दुखते," ओठ आवळून छाया म्हणाली. "पण गाडीनं नाही, बाबा."