व्याहीबुवांची सतरा ठिकाणं

घराचा उंबरठा न ओलांडता सर्वांत जास्त प्रवास केलेला माणूस शोधायचा झाला, तर आमच्या व्याह्यांच्या पुढे कोणी जाईल असं मला वाटत नाही. हे माझ्या मुलाचे सासरे. लीड्सच्या एका हॉस्पिटलात त्यांनी उभा जन्म भूल देण्याचं काम केलं. रिटायर झाले तरी ते काम सुटलेलं नाही; फक्त आता इंजेक्शन लागत नाही, व्हायकिंगांचा विषय काढला की पुरतो. गेली सहा वर्षं ते हजार वर्षांपूर्वी समुद्रावरून इंग्लंडात आलेल्या व्हायकिंगांच्या जुन्या जागा पाहायला जायची तयारी करत होते, आणि बरोबर कोण, तर मी. मला कोणी विचारलं नव्हतं. नऊ दिवस, सतरा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणाची वेगळी फाइल. फाइलीत नकाशा, पावसाचा अंदाज, जवळचं टॉयलेट आणि ते किती वाजता बंद होतं, हे सगळं. पोह्यांचा डबा कोणत्या टेकडीवर उघडायचा हेही ठरलेलं, कारण दुसऱ्या टेकडीवर म्हणे वारा फार. जायची तारीख आली की मात्र कुठेतरी कोणीतरी नवं काही उकरून काढायचं आणि व्याहीबुवा म्हणायचे, "आता हे वाचल्याशिवाय जाणं बरं नाही." विहीणबाईंची काही तक्रार नव्हती. "कागदावरच फिरू देत," त्या म्हणायच्या. "जेवायला वेळेवर घरी येतात."

त्यांचा दुसरा नाद म्हणजे शब्द. समोर आलेल्या प्रत्येक शब्दाचं कूळ काढल्याशिवाय ते त्याला सोडत नाहीत. मी लेस्टरजवळ ओडबीला राहतो. एकदा जेवायला आले आणि वरणभाताच्या पहिल्या घासाला म्हणाले, "ओडबीतलं बी म्हणजे गाव. व्हायकिंगांचा शब्द. औदी नावाच्या कुणाचं तरी गाव हे."

मी म्हटलं, "त्या औदीला सांगा, माझ्या ड्राइव्हवेसमोर शेजारी गाडी लावतो."

"ग्रिम्सबी म्हणजे ग्रिमगाव. आणि थॉर्प म्हणजे वाडी." त्या दिवसापासून ते इंग्लंडचा नकाशा गावं आणि वाड्या असाच वाचतात. मोटरवेवरची पाटी पाहून "स्कनथॉर्प, म्हणजे स्कूमाची वाडी, पुढच्या वळणाला" असं सांगतात, आणि गाडी चालवणारा पुढचं वळण चुकतो.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण एक शब्द माझ्या मनात बारा वर्षं सलत होता. माझं भांड्यांचं दुकान आहे. या देशात आलो तेव्हा दुसऱ्याच्या गोदामात खोकी उचलली, मग स्वतःचं उभं केलं. भाव केल्याशिवाय मी काही घेत नाही, हा माझा स्वभाव आहे, लपवत नाही. मुलाच्या लग्नात मांडववाल्याशी केला, फुलवाल्याशी केला, आणि जेवण गार होत होतं म्हणून भटजींशी मंगलाष्टकांच्या संख्येवरूनही केला. आठाची पाचावर आणली. तेव्हा व्याहीबुवा भर मांडवात म्हणाले, "वा शेठ!" सगळे हसले. मी वरबाप होतो. त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडी शेठच. डॉक्टर लोकांच्या घरात मुलगा दिला म्हणून काय दुकानदाराला आयुष्यभर शेठ ऐकवायचं? त्यात गेल्या दोन वर्षांत ते मला ठिकाणांच्या याद्या पाठवत त्यांतली अक्षरं बोराएवढी झाली होती. मला वाटलं, ही माझ्या शिक्षणाची कीव.

यंदा माझा संयम संपला. फोनवर म्हटलं, "व्याहीबुवा, सतरा विसरा. शेवटचं बोला."

"पंधरा."

"पाच. आणि पहिलं या शनिवारी. नाहीतर मी बाहेर."

फोनवर फाइली चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "शनिवारी यॉर्क. अकरा वाजता कॉपरगेटला उभा राहतो."

मी गेट शोधत गेलो. यॉर्कला एक भलंमोठं दगडी गेट आहे, त्याखाली पाऊण तास उभा राहिलो. शेवटी एका बाईंनी सांगितलं की हा बार आहे, इथे वेशीला बार म्हणतात. बारमध्ये कोणी दारू विकत नाही, गेटला दार नाही. गेट म्हणजे इथे रस्ता. फाइलीत टॉयलेटच्या वेळा लिहिणाऱ्या माणसाला एवढं लिहिता आलं नाही? काय काय बोलायचं ते मनात जुळवतच कॉपरगेटला पोचलो.

व्याहीबुवा समोरच होते, गळ्यात फाइलींची पिशवी. मी दहा पावलांवर उभा, आणि ते हात पसरून माझ्यासारखाच निळा कोट घातलेल्या एका उंच गोऱ्या माणसाला म्हणत होते, "या शेठ, उशीर केलात. गेट शोधत बसलात ना?" तो माणूस गोंधळून सॉरी म्हणाला.

जुळवलेलं सगळं भांडण मी तिथेच सोडलं. मी जवळ जाऊन त्यांचा दंड धरला.

"किती दिवसांपासून दिसत नाही?"

"दोन वर्षं झाली." माझा आवाज ओळखून ते ओशाळून हसले. "कडेचं दिसतं हो. समोरचं तेवढं जातं. डोळ्यांत इंजेक्शनं चालू आहेत. म्हटलं, जाऊन काही दिसलंच नाही तर? त्यापेक्षा तयारी बरी."

तिथल्या व्हायकिंगांच्या म्युझियममध्ये त्यांनी मला एका काचेच्या पेटीपुढे उभं केलं. "पाटी वाचा." माझं इंग्रजी बिलाचं आणि काउन्सिलच्या पत्रांचं, अडखळत वाचलं. आत एक छोटा घडीचा तराजू होता आणि शिशाची वजनं. व्याहीबुवांनी नाक जवळजवळ काचेला टेकवलं आणि मान तिरपी करून डोळ्याच्या कडेने ते पाहिलं.

"सगळ्यांना त्यांच्या तलवारी आठवतात," ते म्हणाले. "पण हा गडी खिशात तराजू घालून समुद्र ओलांडून आला, आणि परक्या गावात दुकान मांडून बसला. शेठ होता. श्रेष्ठ या शब्दापासून श्रेष्ठी, आणि श्रेष्ठीचा शेठ. तुम्हाला काय वाटलं, मी बारा वर्षं थट्टा करतोय?"

मला तसंच वाटलं होतं. मी पुढची पाटी वाचायला घेतली.

बाहेर बाकावर डबा उघडला. वारा होताच. पोहे खाता खाता ते म्हणाले, "झालं. एक पाहिलं, पुष्कळ झालं. बाकीची राहू देत."

"सतरा," मी म्हटलं.

"अहो, तुम्हीच पाच म्हणालात."

"सतरा. पाट्या मी वाचीन."

"सहा करू. तुमचं इंग्रजी ऐकवत नाही."

"एकही कमी होणार नाही."

उभ्या आयुष्यात मी आकडा वर नेण्यासाठी कधी भांडलो नव्हतो. त्यांनी पोहे संपवले, डब्याचं झाकण चाचपून लावलं आणि म्हणाले, "बरं. सतरा."

संध्याकाळी लीड्सची गाडी लागली. प्लॅटफॉर्मवर गर्दी होती. व्याहीबुवांनी पिशवी उचलली आणि भलत्याच माणसाकडे तोंड करून म्हणाले, "येतो शेठ."

मी लगेच ओ दिली.