चंपाअक्कांचा श्वास

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण चंपाअक्कांचं आहे. गाताना त्यांचा हात मांडीवर ताल धरायचा. दाराशी भाजीवाली आली तरी "स्वल्प थांब गं" म्हणून त्या आवर्तन पुरं करत आणि मगच वांगी निवडत.

निपाणीकडच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. बेंगळुरात सरकारी नोकरी लागली आणि मल्लेश्वरमला अक्कांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिलो. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. संध्याकाळी त्या मला कर्नाटकी संगीतातल्या कृती, म्हणजे बांधलेल्या रचना, शिकवत. मी भजनात वाढलेला. मनाला येईल तिथं ताना घुसवायचो. की अक्कांचा ताल थांबायचा.

"काय रे बी.ए., माझ्या खोलीत खिळा ठोकताना विचारतोस ना? ही कृतीसुद्धा भाड्याचीच. ज्यांनी बांधली त्यांच्या भिंती पाडू नको. कृतीच्या शेवटी सा-रे-ग-म घ्यायला स्वरांचं अंगण मोकळं आहे, तिथं नाच हवा तेवढा."

मी इतका धास्तावलो, की त्या गातील ते तसंच्या तसं उचलू लागलो.

आपल्या वडिलांनी शिकवलेली एक कृती अक्का दर रामनवमीला मंडपात गायच्या. दम्यामुळे ते बंद झालं, तेव्हा त्यांनी उत्सवाच्या मंडळींना माझं नाव सुचवलं. मला म्हणाल्या, "मी आता गात नाही. तुझ्या गळ्यात राहिली तर राहिली."

उत्सवाच्या आधी मी ती म्हणून दाखवली. 'करुणा' म्हणून क्षणभर थांबलो, मग 'सागरा' म्हणालो. ताल थांबला.

"मध्येच का तोडलंस?"

"तुम्ही तिथं थांबता, अक्का."

"अय्यो! तो माझा दमा रे, बी.ए.! रचणाऱ्यांनी नाही घातला तो!"

हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. जरा वेळानं त्या म्हणाल्या, "वडील तो शब्द सलग गायचे. त्यांचं ते सांभाळ. माझं दुखणं कशाला सांभाळतोस? तुझा श्वास धड आहे, तो घाल की त्यात."

मंडपात मी तो शब्द सलग गायलो. शेवटी स्वरांत मात्र गावाकडच्या भजनातली एक फिरत आपसूक आली. घाबरून समोर पाहिलं. अक्कांचा हात मांडीवर चालूच होता.

पुढे माझी धारवाडला बदली झाली. तिथून त्यांना लिहिलं:

"ती. चंपाअक्कांस, सा. न. वि. वि.

परवा इथल्या देवळात आपली कृती गायलो. 'करुणासागरा' एका श्वासात म्हटलं. भिंती जागेवर आहेत. पण घरी एकटा गातो, तेव्हा त्या शब्दात अजून तुमच्यासारखा थांबतो. रचणाऱ्यांची क्षमा मागून तेवढा एक खिळा ठोकला आहे. तो काढायला सांगू नका.

आपला,
बी.ए."