रुचीबद्दल आलेला फोन

सांवेर रोडवर संहिता फणसेचं शाळेचे गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे. आधी ती शाळेत शिकवायची. मग लोकमान्य नगरच्या घरात दोन मशीन टाकून सुरुवात केली आणि काम वाढत गेलं तशी शेडमध्ये आली. मशीनवर बसणारे कारीगर तिला मिळायचे. टिकायच्या नाहीत त्या धागे कापणाऱ्या, बटणं लावणाऱ्या, घड्या घालणाऱ्या नव्या मुली. कुणाचं लग्न ठरायचं, कुणाला मॉलमध्ये एसीतलं काम मिळायचं, कुणी होळीला गावी गेली की फोनच उचलायची नाही. शाळा उघडायच्या तोंडावर संहिता पुन्हा मुली शोधत फिरायची.

रुची मोहिते देपालपूरहून बसने यायची. आली तेव्हा तिला कैचीसुद्धा नीट धरता येत नव्हती. पण वर्षभरात धागे-बटणांचं, म्हणजे फिनिशिंगचं टेबल तिच्याकडे आलं. नवी मुलगी रडकुंडीला आली की रुची तिला शेजारी बसवून घ्यायची आणि आपल्या डब्यातलं खायला द्यायची. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच एकही मुलगी सोडून गेली नाही. संहिताला कळत होतं, मुली युनिटमध्ये टिकल्या नव्हत्या, रुचीजवळ टिकल्या होत्या.

पुढच्या एप्रिलमध्ये एका सकाळी फोन आला. पीथमपूरच्या एका मोठ्या कपड्यांच्या कंपनीतून बोलत होते. रुचीने तिथे ट्रेनी सुपरवायझरसाठी अर्ज केला होता, इंटरव्ह्यू चांगला झाला होता. राहायला हॉस्टेल, शिवाय काम शिकवणार.

“मॅडम, लड़की कैसी है? भरोसे की है?”

केबिनच्या काचेतून रुची दिसत होती. एका नव्या पोरीला ती काज कसं तपासायचं ते दाखवत होती.

“लड़की अच्छी है,” संहिता म्हणाली. मग थांबली. “पर घर की परेशानी बहुत है। छुट्टियाँ हो जाती हैं। टिकेगी कि नहीं, मैं नहीं कह सकती।”

सुट्ट्या झाल्या होत्या, हे खरं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी. तेवढं मात्र तिने सांगितलं नाही. फोन ठेवला आणि ती कापडाचा गठ्ठा मोजायला निघून गेली.

काही दिवसांनी रुची केबिनच्या दाराशी येऊन उभी राहिली.

“काकू, रागवणार नाही ना? मी तुम्हाला न सांगता पीथमपूरला इंटरव्ह्यू दिला होता. चूक झाली माझी.”

“मग?”

“नाही झालं. मला वाटलं होतं, होऊन जाईल. पण बरंच झालं. तुम्ही इतकं शिकवलं आणि मी बघा काय करून राहिले होते.”

ती माफी मागत होती. “अगं, त्यात काय,” एवढंच संहिता कशीबशी बोलली.

मग ती रुचीसाठी काही ना काही करत राहिली. तिच्या टेबलावर नवा पंखा लावला. आईच्या औषधांची चौकशी केली. घरून पुरणपोळ्या आणल्या. रुची प्रत्येक वेळी इतकी भारावून जायची की संहिताला तिच्याकडे बघवायचं नाही. संध्याकाळी कामानंतर रुची पॅटर्न कटिंगच्या क्लासला जायची, तोही तिने सोडून दिला. का, विचारलं तर म्हणाली, “काकू, जितकं जमतं तितकंच करावं ना माणसाने.”

संहिताने अखेर नवऱ्याला, अभिरामला, सगळं सांगितलं. तो बँकेत आहे, शांत माणूस.

“धंद्यात सगळेच करतात असं,” तो म्हणाला. “आता सांगून काय होणार? सीझन डोक्यावर आहे.”

तिला हेच ऐकायचं होतं, तरी झोप लागली नाही.

मग एकदा जेवणाच्या सुट्टीत उर्वी नावाची नवी मुलगी रुचीला विचारत होती, आपणही पुढे कुठे मोठ्या कंपनीत अर्ज करावा का. रुची डबा बंद करत म्हणाली, “नको गं. आपल्यासारख्यांना नाही घेत ते लोक. उगाच मन खट्टू होतं.”

पाण्याच्या माठाजवळ उभ्या संहिताने ते ऐकलं. ती केबिनमध्ये गेली आणि पीथमपूरला फोन लावला. जागा भरली होती.

“आप ही ने तो मना किया था, मॅडम,” पलीकडचा माणूस म्हणाला.

“मैंने गलत कहा था। अपने मतलब के लिए।”

पुढची भरती निघाली तर बघू, तो म्हणाला.

त्या संध्याकाळी संहिताने रुचीला गंगवाल बस स्टँडपर्यंत गाडीतून सोडते म्हणून सांगितलं. वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर तिने सांगून टाकलं. फोन, सुट्ट्या, आपण काय बोललो आणि काय बोललो नाही, सगळं.

रुचीने वळून पाहिलं. “म्हणजे मी फेल नव्हते झाले?”

“नाही.”

“त्यांना मी पसंत होते?”

“हो, बेटा.”

रुचीचा चेहरा एकदम उजळला. इतके दिवस ती पोर स्वतःला काय समजत होती, ते त्या उजेडात दिसलं. मग हळूहळू तो उजेड गेला.

“मी आधी तुम्हाला विचारलं असतं, तर जाऊ दिलं असतं?”

हो म्हणणं सोपं होतं. “माहीत नाही,” संहिता म्हणाली.

रुची स्टँडच्या अलीकडेच उतरली आणि चालत गेली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. शाळा उघडेपर्यंत रोज आली आणि एकही गणवेश तिने खराब जाऊ दिला नाही. संहिताशी मात्र कामापुरतंच बोलायची. जुलैत तिने देवास रोडवरच्या एका कारखान्यात नोकरी धरली. तिथे ओळखीसाठी नाव दिलं ते युनिटमधल्या कटिंग मास्टरचं. संहिताला ते मास्टरकडूनच कळलं. रुचीच्या मागोमाग उर्वीही गेली, आणखी दोघी गेल्या.

दिवाळीच्या आधी पीथमपूरहून खरंच फोन आला. संहिताने रुचीचा नंबर दिला आणि या वेळी तिच्याविषयी जे खरं होतं ते सगळं सांगितलं, आईच्या ऑपरेशनसकट. रुची तिकडे गेली की नाही, तिला कळलं नाही. विचारायचा हक्क आपल्याला उरलाय, असं तिला वाटत नव्हतं.

युनिटमध्ये परत नव्या मुली आल्यात. कामाच्या पहिल्या दिवशी संहिता प्रत्येकीला सांगते, “पुढे दुसरीकडे जायचं झालं तर मला सांग. तिकडून फोन आला तर मी तुझ्याबद्दल चांगलंच सांगेन.” मुली माना डोलावतात. कामाला लावतानाच जायचा विषय कशाला काढतात मॅडमजी, हे त्यांना कळत नाही.