पाठमोरं बोललेलं

वर्गात कुणी भुताखेताचं बोललं की मी त्याला फळ्यापाशी उभं करून सतराचा पाढा म्हणायला लावते. पाढा संपेपर्यंत भूत जातं! पंचवीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवतेय. या सदरातले अनुभवही मी आजवर हसण्यासाठीच वाचले. तरी लिहितेय, कारण हे घरात कुणाला सांगता येत नाही.

आम्ही कर्जतचे. माझी शाळा खालापूरकडे, एसटीने जाऊन-येऊन. आमचे हे भातगिरणीत मशीनवर होते. बावीस वर्षं त्या धडधडीत उभं राहून दोन्ही कान गेले. गिरणीतल्या माणसांना ओठ वाचता येतात — तिथे ऐकू कुणालाच येत नाही. त्यामुळे समोरून बोललं की ह्यांना सगळं कळायचं.

म्हणून मी पाठ फिरवून बोलायला शिकले. चुलीकडे तोंड करायचं आणि मनात येईल ते बोलून टाकायचं... टोमणे, कुरकुर, कधी शिव्याही. मागे हे शांत बसलेले. शेजारची कमळाकाकू म्हणायची, "तुजं बरं हाय गं सुमन, भांडन पन होतं नि नवराबी रुसत नाय!"

एक वाक्य मात्र असं बोलले, की ते काकूलाही सांगितलं नाही. मुलीच्या लग्नानंतरच्या वर्षी मला अलिबागकडे मुख्याध्यापिकेची जागा मिळत होती. ह्यांना एकटं कसं ठेवणार? नकार कळवला आणि त्या दुपारी भाकरी थापता थापता म्हणाले, "हा माणूस एकदाचा जाईल, तर मी सुटेन."

मागे हे जेवत होते.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९८३ साली, मुलाने मुंबईहून कानाचं मशीन आणलं. खिशात ठेवायची डबी, त्यात पेन्सिल सेल, कानापर्यंत वायर. हे खूश! आठ दिवस गेले नि एका संध्याकाळी हसत म्हणाले, "शेळी दावं तोडून ग्येली म्हनतेस? कुनाची गं?"

मी वह्या तपासत होते. तोंड उघडलं नव्हतं. आणि आमची शेळी विकून बारा वर्षं झाली होती.

दोन दिवसांनी — "घोंगडी भिजली व्हय?" ती घोंगडी कसरीने खाल्ली म्हणून मीच कधीची टाकून दिलेली. मग विहिरीच्या रहाटाचं काहीतरी. मग थोरल्याच्या नापास होण्याचं. सगळी माझीच वाक्यं, चुलीकडे तोंड करून बोललेली. आणि शिक्षिकेच्या डोक्याला क्रम लगेच दिसतो — वर्षं एकामागून एक पुढे सरकत होती.

पुढे काय येणार ते मला माहीत होतं.

ते आंघोळीला गेल्यावर मी डबीतले सेल काढले. त्याच संध्याकाळी ह्यांचं हसू — "लेकीच्या लग्नात भात कमी पडला म्हनून माज्या नावानं बोटं मोडलीस काय गं?" सेल तेव्हा माझ्या मुठीत होते.

मी समोर जाऊन म्हणाले, "अहो, मशीन परत करू या. डोक्याला त्रास होईल."

"कसला तरास? इतक्या वर्सांनी तुजा आवाज ऐकतोय. बडबड का असंना. मी नाय द्यायचा."



रविवार होता. सेल अजून माझ्याकडेच होते. मी भाकऱ्या करत होते, मुद्दाम ह्यांच्याकडे तोंड करून. हे उंबऱ्यात बसून विळ्याला धार लावत होते. एकाएकी हात थांबला. डबीवर तळवा ठेवून, मान कलती करून ऐकत राहिले. या वेळी हसले नाहीत. माझ्याकडे बघितलं — रागाने नाही, एखाद्या पाहुण्या बाईकडे बघावं तसं. मग कानातून वायर काढली, नीट गुंडाळली आणि डबी फळीवर ठेवली.

"काय ऐकलंत?" मी विचारलं.

"काय नाय. कावळा वरडत व्हता." विळा पुन्हा उचलत म्हणाले, "भाकरी करपतेय बग."

त्यानंतर मशीन त्यांनी कानाला लावलेलं नाही. मुलाने मुंबईला नेऊन तपासून आणलं. मशीन चांगलं आहे. पण सेल नसतील तर ती नुसती डबी, त्यातून काही ऐकू येणं शक्य नाही, असं तिथल्या माणसाने सांगितलं. मलाही तेच वाटतं. मग ह्यांनी काय ऐकलं? माफी मागायची म्हटलं, तर आधी ते वाक्य समोरून, त्यांना दिसेल असं उच्चारावं लागेल. आणि खरंच कावळाच असेल तर?

आता मी लिहितेय तर हे समोरच बसलेत. मघाशी त्यांनी विचारलं, "काय लिवतेस गं एवडं?"

मी मान वर केली आणि ओठ नीट हलवून म्हणाले, "शाळेचं."